९०० तास सोपे, पुढचे ३,००० आधी मोजा

नाशिकला बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) झालंय, अमेरिकेत एम.एस.डब्ल्यू. (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) करून क्लिनिकल, म्हणजे समुपदेशन-उपचाराचं काम करायचंय, तिथलं फील्डवर्क कसं असतं, असं तुम्ही विचारलंय. ते सांगतेच, पण खरा पेच पदवीनंतर येतो.

कोर्स सीएसडब्ल्यूई (तिथल्या समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी संस्था) मान्यतेचाच घ्या. त्यात किमान ९०० तास प्रॅक्टिकम, म्हणजे फील्डवर्क असतं. आठवड्याला १६ तास धरले तर दोन शैक्षणिक वर्षं लागतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे मिळत नाहीत. सिव्हिलमधलं केसवर्क, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या गृहभेटी वाया जात नाहीत. फक्त प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये (भेटीच्या लेखी नोंदीत) ‘समुपदेशन केले’ एवढ्यावर भागत नाही. क्लायंट काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं, हे ओळीओळीने लिहायचं. सुपरव्हिजन त्याच कागदावर चालतं. आपली मुलं इथेच अडखळतात. समोरचा रडू लागला की योजना, दाखला, अर्ज सुचवायची आपल्याला सवय. तिथे आधी ऐकून घेणं आणि आत्महत्येचा धोका थेट शब्दांत विचारणं शिकावं लागतं. आतापासून सराव करा.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर कॉलेजबाहेरच्या प्लेसमेंटसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागतं. आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) त्याची नोंद होण्याआधी एक दिवसही रुजू होऊ नका. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं, तर ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) हातचं जातं. प्लेसमेंटसाठी टीबीची तपासणीही मागतात. लहानपणीच्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची इग्रा चाचणी मागा.

आता पेच. स्वतंत्र क्लिनिकल लायसन्ससाठी कॅलिफोर्नियात पदवीनंतर सुपरव्हिजनखाली ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे लागतात. ओपीटी मात्र १२ महिन्यांचंच, आणि त्यातही ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. म्हणजे तास आणि आठवडे पूर्ण होण्याआधीच मुदत संपते. म्हणून दुसऱ्या वर्षाची प्लेसमेंट शक्यतो विद्यापीठाशी संलग्न, ना-नफा रुग्णालयात मागा. अशा बऱ्याच संस्था एच-१बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) लॉटरीबाहेर असतात. मात्र त्या प्रायोजकत्व देतात का, हे प्लेसमेंटच्या मुलाखतीतच विचारा. लाजू नका. राज्यागणिक नियम बदलतात, तेव्हा कॉलेज निवडण्याआधी त्या राज्याच्या बोर्डाची अट वाचा.

तुमची बी.एस.डब्ल्यू. सीएसडब्ल्यूईच्या पदवी-मूल्यांकनात समकक्ष ठरली, तर काही कॉलेजं अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग देऊन कोर्स कमी करतात. फील्डवर्कचे तास, संस्थेचं नाव आणि सुपरव्हायझरची पदवी लिहिलेलं इंग्रजी पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर आत्ताच घ्या. प्राचार्य बदलले की जुनी रजिस्टरं शोधायला कुणी बसत नाही.