रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता गणपतीला गावी गेलो तर चालेल ना?

लालबागमध्ये गावकीच्या खोलीवर राहणारा, संगमेश्वरकडचा पस्तिशीतला चाकरमानी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बायको-मुलं गावी. जूनच्या अखेरीस दारूच्या नशेत निरोधशिवाय बाहेर संबंध आला. दहाव्या दिवशी खाजगी लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. गणपती तोंडावर आल्यावर तो रिपोर्टची घडी घेऊन आयसीटीसीत (एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात) आला. "मॅडम, आता घरी काही अडचण नाही ना?"

अडचण होती. रॅपिड किट रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ती द्रव्यं, शोधतं. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून खात्रीचा रिपोर्ट तीन महिन्यांनी धरतात. दहाव्या दिवशी किटला सापडण्यासारखं काही नसतंच. उलट लागण झालीच असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत विषाणूंचं प्रमाण प्रचंड असतं आणि जोडीदाराला धोका सर्वांत जास्त. ७२ तासांच्या आत आला असता, तर २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करता आल्या असत्या. ही सोय गावाकडे सोडाच, मुंबईतही फार थोड्यांना ठाऊक असते.

"जखम, फोड, पू, जळजळ?" असं एकेक नाव घेऊन विचारल्यावर तो बोलला. भातलावणीच्या सुमारास लिंगावर एक फोड आला होता. दुखत नव्हता. मेडिकलवाल्यानं मलम दिलं आणि फोड गेला. त्याच दिवसांत तो दोन रात्री गावी राहून आला होता.

न दुखणारा फोड म्हणजे आधी सिफिलिसची (संबंधातून पसरणारा आजार, उपदंश) शंका घ्यायची. तो मलमाविनाही तीन ते सहा आठवड्यांत बरा होतो, आजार मात्र अंगात राहतो. आरपीआर ही सिफिलिसची रक्ततपासणी पॉझिटिव्ह, १:३२ आली (दुसरा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडं जास्त). सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात) बेंझाथीन पेनिसिलीन २४ लाख युनिट, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांत.

खरा पेच पुढे होता. निरोध वापरायचा म्हटलं तर बायकोचं ऑपरेशन झालेलं. पाळणा लांबवायचा बहाणा चालणार नाही, ती विचारणारच. अशा वेळी थाप मारू नये असं माझं मत आहे, कारण औषध तिलाही घ्यायचं असतं. वाक्य ठरवून दिलं: "मला जंतुसंसर्ग झाला होता, इंजेक्शन घेतलंय, तुझीही तपासणी हवी, तोवर जवळ यायचं नाही." कसा झाला, हे तिनं विचारलं तर सांगायची तयारी ठेवून जायचं. तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचे भेटतात म्हणून तिची तपासणी तिथे करणं त्याला नको होतं. विसर्जनानंतर ती मुंबईला आली. तिचा आरपीआर निगेटिव्ह होता, तरी इंजेक्शन दिलं. गेल्या ९० दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराला रिपोर्टवर न विसंबता उपचार देतात.

निरोधही दिले. खिशातल्या पाकिटात दिवसेंदिवस ठेवू नयेत, खोबरेल लावू नये (रबर कमकुवत होऊन फाटतं), एकावर एक दोन घालू नयेत.

सप्टेंबरअखेर त्याची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली. आरपीआर सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा करायची. १:३२ वरून १:८ किंवा खाली आली की उपचार लागू पडला. टीपीएचए नावाची सिफिलिसचीच दुसरी तपासणी मात्र बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येते. पुढे एखाद्या लॅबनं ती केली, तर घाबरून पुन्हा इंजेक्शन घेत बसू नये, जुना कागद दाखवावा.