वाघ पाहून पोट भरते का?

"मॅडम, वाघ पाहून पोट भरते का, एवढेच आम्हाला सांगा. मग ही ऐकेल."

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणारे ते गृहस्थ खुर्चीत बसता बसताच हे बोलले आणि त्यांच्या मुलीने मान खाली घातली. ती बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आई पिशवी मांडीवर धरून गप्प बसली होती. मुलीने बी. एड. करावे आणि जमल्यास वडिलांच्याच संस्थेत लागावे, असे घरात ठरल्यासारखे होते. मुलीला मात्र वन्यजीव संवर्धनात काम करायचे होते. ही २०२२ च्या जानेवारीतली गोष्ट आहे. कुटुंबाच्या संमतीने मी ती येथे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नागपुरात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी अनेकदा येतो. आमच्या आजूबाजूला ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला अशी जंगले आहेत, आणि जिप्सीतून एकदा वाघ पाहिलेल्या दहा मुलांपैकी एखाद्याच्या मनात तो कायमचा घर करून राहतो. पूर्वी अशा मुलांना मी परीक्षांची आणि अभ्यासक्रमांची माहिती देऊन मोकळी होत असे. त्यांतला एक मुलगा तीन वर्षांनी परत आला तेव्हा त्याच्याजवळ चांगली पदवी होती, पण वर्षभराच्या क्षेत्रकामानंतर हे काम आपल्याला आवडतच नाही, हे त्याला कळून चुकले होते. त्याला माहिती देण्यात मी चुकले नव्हते, पण जे विचारायला हवे होते ते मी विचारलेच नव्हते. त्यामुळे या मुलीला मी आधी प्रश्न विचारायचे ठरवले.

बारावीनंतरच्या सुट्टीत मामांबरोबर बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसल्याचे तिने सांगितले. पहाटे अस्वल पिलांना पाठीवर घेऊन पाण्यावर आले होते. ते सांगताना तिचा आवाज बदलला, आणि तिची ओढ खरी आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. मग मी तिला विचारले, "जुलै महिना आहे. पाऊस लागून राहिला आहे. गाभा क्षेत्रातले पर्यटन बंद आहे. तू तीस वर्षांची आहेस आणि याच क्षेत्रात नोकरी करतेस. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू काय करत असशील?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मला माहीत नाही."

वडिलांना ते उत्तर आपल्या बाजूचे वाटले. मला ते सुरुवात करायला पुरेसे वाटले. मी तिला महिनाभराचे काम दिले: एका बीटवरच्या, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावरच्या, वनरक्षकाला, प्रकल्पावर काम करणाऱ्या एका संशोधकाला आणि बफर, म्हणजे गाभ्याभोवतालच्या, गावे असलेल्या क्षेत्रातल्या ज्याचे जनावर वाघाने मारले आहे अशा एका शेतकऱ्याला भेटायचे, प्रत्येकाबरोबर शक्य तितका वेळ घालवायचा आणि त्यांनी दिवसभरात प्रत्यक्ष काय केले तेवढेच वहीत लिहायचे.

महिन्याने ती भरलेली वही घेऊन आली. आगीचा हंगाम तोंडावर असल्यामुळे वनरक्षक मजुरांबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करत होता. त्याआधी सकाळी त्याने दहा-बारा किलोमीटर पायी गस्त घातली होती आणि दुपारी एका गाईच्या पंचनाम्यासाठी त्याला गावात जावे लागले होते. संशोधकाने तिला आपला लॅपटॉप दाखवला. कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने, टिपलेल्या हजारो छायाचित्रांत गाई-बैल होते, सरपण नेणाऱ्या बाया होत्या, चितळ होते, आणि वाऱ्याने हललेल्या गवतामुळे निघालेल्या रिकाम्या चौकटी तर मोजता येणार नाहीत इतक्या होत्या. त्या सगळ्यांतून वाघ वेगळे काढायचे, पट्टे जुळवून प्रत्येक वाघ ओळखायचा, मग संख्याशास्त्राच्या आधारे अंदाज मांडायचा, आणि या सगळ्याच्या आधी वनविभागाकडून संशोधनाची परवानगी मिळवण्यासाठी कागदपत्रांचा पाठपुरावा करायचा, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. वर्षातले साधारण पाच महिने तो जंगलात आणि उरलेले संगणकासमोर असे. जुलैतल्या पावसाचे उत्तर तिला तिथे मिळाले.

शेतकऱ्याकडे मात्र ती तीनदा गेली. पहिल्या वेळी तो तिच्यावर चिडला, कारण ती वनविभागाची माणूस आहे असे त्याला वाटले. दुसऱ्या वेळी त्याच्या बायकोने नुकसानभरपाईसाठी किती दिवसांत कळवायचे, जनावराचे कलेवर का हलवायचे नाही आणि पंचनाम्याला उशीर झाला तर काय होते, हे सगळे तिला सांगितले. तिसऱ्या वेळी ती कोणत्या कामाने गेली होती, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "काम नव्हते. त्यांची दुसरी गाय व्यायली का ते पाहायला गेले होते."

माझ्या दृष्टीने त्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच होता. महाराष्ट्रातल्या वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली, आणि त्यांतले मोठे प्रमाण एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात, बरेचसे संरक्षित क्षेत्राच्या बाहेर, शेतांच्या आणि गावांच्या सोबतीने जगते आहे. त्यामुळे आज या क्षेत्राला जितकी गरज वाघाचा माग काढणाऱ्यांची आहे, तितकीच मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईशी नीट बोलू शकणाऱ्यांची आहे. ज्यांना माणसे नकोशी होतात म्हणून जंगलात जायचे असते, अशा मुलांना मी आता हे स्पष्टपणे सांगते, कारण त्यांची निराशा फार लवकर होते.

त्यानंतर आम्ही वाटांविषयी बोललो. मी तिच्या गुणपत्रिका पाहायला मागितल्या, आणि ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालत नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी लागते. केवळ जैवतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली मुले येथे अडकतात आणि त्यांना हे फार उशिरा समजते. या मुलीचे विषय जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे तीन होते, म्हणून तिचे दार उघडे होते. पण त्या दारातून देशभरातून वर्षाला साधारण दीडशे जण आत जातात, हेही मी तिला सांगितले. राज्य लोकसेवा आयोगामार्फत सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदे भरली जातात. वनरक्षकाच्या पदाला बारावी पुरते, पण धावण्याची चाचणी द्यावी लागते आणि भरती निघण्याची वाट पाहावी लागते. सरकारी नोकरीत पगाराची शाश्वती आहे, मात्र बदली कोठे होईल आणि कामातले किती तास जंगलाला व किती फायलींना जातील, हे आपल्या हाती नसते. पशुवैद्यकाचा मार्ग साडेपाच वर्षांचा असून तो बारावीनंतरच धरावा लागतो. तिच्यासाठी तो मागे पडला होता.

संशोधनाचा मार्ग तिला अधिक जवळचा वाटत होता. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली स्थापन झाली. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या, एक वर्षाआड प्रवेश देणाऱ्या अभ्यासक्रमाला जागा मोजक्याच असतात. तिथे प्रवेश मिळाला नाही तर प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करावी आणि सोबत संख्याशास्त्र, नकाशांची संगणकीय हाताळणी आणि इंग्रजीत अहवाल लिहिणे शिकावे, असे आम्ही ठरवले. तिसरी गोष्ट आपल्याकडची मुले हलकी समजतात. प्रकल्पांना मिळणारा पैसा मात्र बहुतेक वेळा त्या अहवालांवरच अवलंबून असतो.

आता पैशांविषयी. वडील पुढच्या भेटीला वही आणि पेन घेऊन आले होते, आणि मला ते फार बरे वाटले. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती तेव्हा दरमहा ३१,००० रुपये होती, २०२३ पासून ती ३७,००० झाली. परंतु ती सर्वांना मिळत नाही, आणि लहान संस्थांच्या प्रकल्पांवरचे मानधन त्याहून बरेच कमी असू शकते. नेमणूक बहुधा अकरा महिन्यांची असते, प्रकल्प संपला की नोकरी संपते, आणि दुसरा मिळेपर्यंत दोन-चार महिने रिकामे जातात. मी त्यांना म्हटले, "सर, पोट भरते का, याचे उत्तर हो असे आहे, पण पहिली पाच-सहा वर्षे ते सलग भरत नाही. त्या रिकाम्या महिन्यांत मुलीला घरी राहता येईल का, आणि तिच्या कमाईवर घरातले काही अवलंबून आहे का, हे आपण आज पाहू." धाकटा मुलगा दहावीत होता, घराचे कर्ज चार वर्षांत फिटणार होते. त्यांनी आकडे मांडले आणि शेवटी म्हणाले, "पैसे पाठव म्हणणार नाही तिला. पण मागायचेही नाहीत."

याच संदर्भात मला एका गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. अनुभव मिळेल या नावाखाली शिकाऊ मुलांकडून महिनोन्महिने विनामोबदला काम करून घेण्याची आणि काही ठिकाणी तर राहण्या-जेवणाच्या निमित्ताने त्यांच्याकडूनच मोठी रक्कम घेण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ आहे. ज्यांच्या घरी बापाचे उत्पन्न भक्कम आहे तेच मग टिकतात, आणि बफरमधल्या गावात वाढलेला, पाऊलखुणा लहानपणापासून वाचणारा मुलगा मजूर म्हणून राहतो किंवा फार तर पर्यटकांचा गाइड होतो. या मुलीला मी सांगितले की आठ-पंधरा दिवस शिकण्यासाठी फुकट जावे, त्याहून अधिक काळासाठी मानधन विचारावे, आणि विचारण्यात संकोच करू नये.

आई तोवर बोललीच नव्हती. निघताना ती दारात थांबली आणि तिने विचारले, "रात्री राहायचं कुठं? आणि ती बाई गेली ना ताडोब्यात?" त्याआधी दोनच महिने, २०२१ च्या नोव्हेंबरात, ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी खुणांचे सर्वेक्षण करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली होती. आईने ती बातमी वाचली होती आणि घरात कोणाजवळ तिचा उच्चारही केला नव्हता. मी तिला खोटा धीर दिला नाही. धोका आहे, आणि तो वाघापुरता नाही. अस्वल आहे, साप आहेत, हिवताप आणि गोचिडांपासून होणारे ताप आहेत, खराब रस्त्यावरची दुचाकी आहे, आणि एकट्या मुलीला माणसांचाही त्रास होऊ शकतो. म्हणून कोणतीही नेमणूक स्वीकारण्याआधी राहण्याची जागा कशी आहे, स्वच्छतागृह आहे का, दुसरी स्त्री सहकारी आहे का, जंगलात एकटीने जावे लागेल का, विमा कोण काढणार आणि तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न लेखी विचारायचे, असे आम्ही तिघींनी मिळून कागदावर उतरवले. आईने त्यात एक भर घातली: फोन लागत नसेल तेव्हा निरोप कोणाकडे द्यायचा.

पहिल्या वर्षी दोन्ही प्रवेश हुकले. तिने नागपुरात एम. एस्सी. केली, नंतर मानव-वन्यजीव संघर्षावरच्या एका प्रकल्पात गावोगाव मुलाखती घेण्याचे काम तिला मिळाले, आणि ते अकरा महिन्यांनी संपले. त्यानंतरचे चार महिने ती घरी होती. त्या काळात तिचा फोन आला तेव्हा ती खचलेली होती. नातेवाईक विचारत होते, आणि बी. एड. केलेली मैत्रीण नोकरीला लागली होती. आम्ही सोडून देण्याविषयीही गांभीर्याने बोललो, कारण तोही एक पर्याय असतो आणि त्यात पराभव नसतो. दोन दिवसांनी तिने कळवले की ती आणखी दोन वर्षे पाहील आणि सोबतच वनक्षेत्रपालाच्या परीक्षेचा अभ्यास करील.

सध्या ती चंद्रपूर जिल्ह्यात दुसऱ्या प्रकल्पावर आहे. गेल्या महिन्यात तिच्या वडिलांचा फोन आला. तिला ताप येऊन गेला होता, आता बरी आहे, असे त्यांनी सांगितले, आणि मग विचारले, "मॅडम, हिचे हे काम मार्चपर्यंतच आहे. पुढचे अर्ज डिसेंबरातच भरायला पाहिजेत ना?"