संगणक सुरू होताच ‘रनडीएलएल’ची चौकट

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज ११ आहे. अलीकडे संगणक सुरू करून पासवर्ड दिला, की ‘रनडीएलएल’ असे शीर्षक असलेली एक छोटी चौकट येते. ॲपडेटा फोल्डरमधील एक डीएलएल फाइल सुरू करताना अडचण आली आणि हे मॉड्यूल सापडले नाही, असा मजकूर तिच्यात असतो. फाइलचे नाव म्हणजे नुसती अक्षरांची सरमिसळ आहे. ‘ओके’ दाबल्यावर सर्व काम सुरळीत चालते. हा व्हायरस आहे का? ती फाइल इंटरनेटवरून उतरवून घेऊन तिच्या जागी ठेवावी का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : अजिबात ठेवू नये. सुट्या डीएलएल फायली वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून काय पदरात पडेल याची शाश्वती नसते, आणि आपल्या बाबतीत तर गेलेली फाइलच घातक असण्याची शक्यता बरीच आहे.

रनडीएलएल३२ हा विंडोजचाच, सिस्टम३२ फोल्डरमध्ये राहणारा प्रोग्रॅम आहे. डीएलएल म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायच्या कोडची फाइल; ती स्वतःहून चालत नाही. तिच्यातील काम करवून घेण्यासाठी हा प्रोग्रॅम वापरला जातो, आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरप्रमाणेच मालवेअरही (घातक प्रोग्रॅम) त्याचा उपयोग करून घेते. संगणक सुरू होताना अमुक फाइल चालवा अशी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) किंवा टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेली कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत) शिल्लक आहे, पण फाइल मात्र जागेवर नाही, एवढाच या चौकटीचा अर्थ. एखादा प्रोग्रॅम अर्धवट काढला गेला तरी हे होते. मात्र तेव्हा चौकटीतील पत्ता सहसा प्रोग्रॅम फाइल्समधील, ओळखीच्या नावाच्या फोल्डरचा असतो. ॲपडेटा या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही, म्हणून मालवेअरला ती जागा सोयीची असते. त्यात नाव असे निरर्थक असेल, तर अँटिव्हायरसने फाइल हटवली आणि तिला बोलावणारी नोंद मागे राहिली, असा माझा अंदाज आहे.

तो पडताळून पाहता येईल. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडून त्या नावाची फाइल क्वारंटाइन झाली, म्हणजे अलग ठेवली गेली आहे का ते पाहावे. तेथे काही आढळो वा न आढळो, त्याच ठिकाणच्या स्कॅनच्या पर्यायांतून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन अवश्य करावे. ते साधारण १५ मिनिटे चालते आणि त्यासाठी संगणक रिस्टार्ट होतो, म्हणून उघड्या फायली आधी सेव्ह कराव्यात. नेहमीची विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्यामुळे, एरवी स्वतःला लपवणाऱ्या मालवेअरला येथे दडून राहणे अवघड जाते.

नोंदीला हात लावायचा तो यानंतर. बरेच जण आधी नोंद पुसतात आणि चौकट गेली म्हणून निर्धास्त होतात, हे मला घातक वाटते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत टास्क शेड्यूलरमधील कामे दिसत नाहीत, त्यामुळे आपोआप सुरू होणाऱ्या सर्व गोष्टींच्या नोंदी दाखवणारा ऑटोरन्स हा मोफत प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. (ऑटोरन्स ज्यात मोडतो ती सिसइंटर्नल्स नावाची साधने २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहेत.) तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यास ज्यांची फाइल सापडत नाही अशा नोंदी पिवळ्या रंगात दिसतात. पिवळे ते सगळेच वाईट नव्हे. चौकटीतील पत्ता ज्या ओळीत जसाच्या तसा आढळेल, तिच्यापुढची फक्त खूण काढावी. नोंद डिलीट करू नये, म्हणजे चूक झाल्यास खूण परत करता येते.

रिस्टार्ट केल्यावर चौकट आली नाही आणि स्कॅनमध्येही काही निघाले नाही, तर संगणक वापरण्यास हरकत नाही. परंतु खूण काढलेली नोंद पुन्हा उगवली किंवा वेगळ्या नावाची नवी फाइल दिसली, तर ती तयार करणारे काहीतरी अजून जिवंत आहे असे समजावे. इंटरनेट तोडावे, फक्त कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत आणि विंडोज नव्याने टाकावी. क्वारंटाइनमध्ये पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरचे नाव आढळले असेल, तर चौकट गेली तरीही ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, आणि ईमेलच्या सेटिंगमधून सर्व उपकरणांवरचे लॉगिन बंद करावे.