मोलिनाची बॅटिंग कुणी बघितली होती?

तुमचा प्रश्न असा की मुलगा शाळेच्या बेसबॉल टीममध्ये कॅचर आहे, म्हणजे पिचरनं टाकलेला चेंडू बॅटरच्या मागे बसून धरणारा, आपल्या विकेटकीपरसारखा; बॅटिंग यथातथाच, कोच म्हणतो बॅट सुधार नाहीतर जागा सोड. तर अमेरिकेतल्या मेजर लीगचा कॅचर यादियर मोलिना याच्यासारखी नुसत्या ग्लोव्हच्या जोरावर कारकीर्द होते का? होते. त्या कोचला २००६ चा मोलिना दाखवा.

त्या मोसमात त्याची सरासरी होती ०.२१६, म्हणजे पाच वेळा बॅटिंगला आला की जेमतेम एक हिट. एवढ्यावर दुसऱ्या जागेवरच्या खेळाडूला बाकावर बसवतात. त्याच्या संघानं, सेंट लुईस कार्डिनल्सनं, त्याला खेळवत ठेवलं. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात, मेट्सच्या शे स्टेडियमवर, नवव्या इनिंगमध्ये त्यानं दोन रनांची होमरन मारली, तेवढीच लोक सांगत बसतात. खरी गोष्ट त्यानंतरची. स्कोअर ३-१, मेट्सच्या तिन्ही बेस भरलेल्या, दोन आउट, समोर कार्लोस बेल्ट्रान. पिचर ॲडम वेनराइट, पहिलाच पूर्ण मोसम खेळणारा. दोन स्ट्राइक झाल्यावर आला कर्व्हबॉल, वळत खाली पडणारा चेंडू. तो मातीत पडून मागे निसटला असता तर एक रन फुकट आणि बरोबरीचा माणूस तिसऱ्या बेसवर. मागे मोलिना आहे म्हणूनच असा चेंडू टाकायची छाती होते. बेल्ट्रान नुसता बघत राहिला, तिसरा स्ट्राइक, आउट, आणि कार्डिनल्स पुढे वर्ल्ड सीरिजही, म्हणजे मोसमाचं विजेतेपद, जिंकले.

मी एवढ्या तावातावानं लिहितोय कारण मी स्वतः क्रिकेटमध्ये कीपर होतो. सांगलीला, कॉलेजात. आमच्या सरांचं एकच पालुपद, "कीपिंगमध्ये काय असतं, उभं राहायचं नि धरायचं." आमचा ऑफस्पिनर मुद्दाम लेगला टाकून बॅट्समनला पुढे ओढायचा. मॅटिंगच्या जोडावर पडला की तोच चेंडू कधी घोट्याशी, कधी थेट गळ्याशी. त्याचं मनगट बघून मी आधीच सरकायचो. झोनलच्या वेळी मला बसवलं, कारण दुसरा एकजण नेटमध्ये सिक्स मारायचा. त्यानं मॅचमध्ये चाळीसेक केल्या, नाही म्हणत नाही. बाइज किती दिल्या ते स्कोअरबुकात आहेच. पण नुकसान बाइजचं नव्हतं. दोन बाइज गेल्यावर ऑफस्पिनरनं लेगला टाकणंच बंद केलं. सरळ, सपाट टाकायला लागला आणि धुतला गेला. मॅच तिथं गेली, आणि याला स्कोअरबुकात रकाना नसतो. सर अजून भेटले की तेच, "अरे पण त्यानं चाळीस केल्या होत्या." सर, आम्ही हरलो होतो!

पुढे नोकरीनिमित्त सेंट लुईसला आलो आणि कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमवर मोलिनाला गुडघ्यांवरूनच पहिल्या बेसवर थ्रो मारताना बघितलं. रनर बेसपासून चार पावलं पुढे सरकायलाही बिचकायचे. बेस चोरायला, म्हणजे पिच टाकली जात असताना पुढच्या बेसवर पळायला निघालेल्यांपैकी दर दहात चारेक जण त्यानं कारकीर्दभर टिपले. १९ मोसम, २००४ ते २०२२, सगळे एकाच संघात. फील्डिंगसाठी मिळणारे नऊ गोल्ड ग्लोव्ह. वेनराइटबरोबर मिळून ३२८ सामने सुरू केले, तो पिचर-कॅचर जोडीचा विक्रम आहे. पिचर अशा माणसाला सोडत नाहीत.

आता सरांच्या बाजूनंही थोडं बोलतो. मोलिनाची बॅट पुढे सुधारली, २०१३ मध्ये सरासरी ०.३१९ होती. दोघं थोरले भाऊ, बेंजी आणि होसे, तेही मेजर लीगचे कॅचर, तेव्हा घरातच शाळा होती. आणि उलटं उदाहरणही आहे. माइक पियाझा हाही कॅचर, त्याचा थ्रो कमजोर म्हणून सगळे ओरडायचे, तो ४२७ होमरन मारून २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलाच. तेव्हा बॅट माळ्यावर टाकू नका.

पण मुलाची जागा बॅटवर ठरवायची नाही. टीममधल्या पिचरांना विचारा, प्लेटमागे कोण हवा. आणि मातीत पडणारा चेंडू झेलायला जाऊ नको म्हणावं. गुडघे टेकायचे, हनुवटी छातीला, मोकळा हात मिटच्या, म्हणजे कॅचरच्या ग्लोव्हच्या, मागे, खांदे आत. चेंडू छातीवर आपटून पुढ्यात पडला पाहिजे. सुरुवात टेनिस बॉलनं करा, नाहीतर मान फिरवायची सवय लागते आणि ती जाता जात नाही.

जांघेचा गार्ड मात्र चांगल्यातला घ्या. २०१८ मध्ये मोलिनाला फाउल टिप, म्हणजे बॅटला घासून आलेला चेंडू, तिथंच लागला, ऑपरेशन करावं लागलं आणि गडी महिन्याभरात परत प्लेटमागे. तेवढी घाई तुमच्या मुलाला करू देऊ नका, कोच काहीही म्हणो.