कूपन, बँक ऑफर आणि कार्डाचे पॉइंट एकाच बिलावर लावून महिन्याच्या किराण्यात खरंच बचत होते का?

होते, पण जाहिरातीत दिसते तेवढी नाही. मी एकच गोष्ट बघतो: ही सूट कोणाच्या खिशातून येतेय? साबणाच्या तीन वड्यांवर एक फुकट, ती कंपनी देते. शंभर रुपयांचं कूपन ॲप देतं. दहा टक्के तत्काळ सूट बँकेच्या नावावर, आणि पॉइंट कार्डाचे. खिसे वेगळे असले की सवलती सहसा एकावर एक चढतात. एकाच खिशात दोनदा हात घालायला गेलात की 'हे कूपन लागू नाही' असं येतं. त्यामुळे दुसरं कूपन शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

खरी मेख असते ती किमान रकमेत. समजा ऑफर आहे '1,500 च्या वर खरेदीवर 10%, जास्तीत जास्त 150 रुपये' आणि तुमचं बिल झालंय 1,580. तुम्ही खुशीत शंभरचं कूपन लावलंत. बिल 1,480 वर आलं, 1,500 ची अट मोडली आणि बँकेचे दीडशे गेले. कूपन लावलंच नसतं तर 1,430 भरले असते! आता त्यात तीस रुपयांचा मिठाचा पुडा टाका: 1,610, कूपन वजा जाता 1,510, बँकेची सूट जाता 1,360. म्हणजे मीठ घरात येऊन बिल कमी. काही ठिकाणी किमान रक्कम कूपनच्या आधीच्या बिलावर धरतात, काही ठिकाणी नंतरच्या. ते अटींमध्ये बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचाच.

त्याच ऑफरमध्ये 1,500 च्या पुढच्या रुपयाला सूट शून्य. म्हणून आम्ही सगळं सामान एका दमात भरत नाही. अर्धं माझ्या कार्डावर, अर्धं बायकोच्या. (दोन्ही वेळा डिलिव्हरी आणि हँडलिंगचे पैसे लागत असतील तर हा उद्योग करू नका, वाचलेले तिथेच जातात.)

गिफ्ट व्हाउचरचं वेगळं. बँकांच्या पोर्टलवर ती कधी दोन-चार टक्के कमी किमतीत मिळतात, पण बिल व्हाउचरने भरलं की बँकेची सूट बहुतेक वेळा हुकते, कारण त्या बिलाला कार्ड लागतच नाही. दोन्हीपैकी एक निवडा. किमान रकमेपर्यंत न पोचणाऱ्या छोट्या बिलांना व्हाउचर बरं.

पॉइंटांवर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच कार्डांवर एका पॉइंटचे जेमतेम चार आणे येतात, आणि ते वटवायचं शुल्क वेगळं. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे वाण्याच्या क्यूआरवरही काही कार्डांचे पॉइंट पडतात. वाणी ते घेत असेल तर. मात्र कार्डाचं बिल पूर्ण भरणं जमत नसेल तर या वाटेला जाऊच नका. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्या व्याजावर 18% जीएसटी, त्यापुढे पॉइंट म्हणजे चिल्लर.

आणि बचत एमआरपीवरून मोजू नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि त्यापेक्षा कमी भाव कोपऱ्यावरचा वाणीही लावतो. ॲपवर 'तुम्ही 420 वाचवले' असं दिसलं तरी वाण्याच्या भावाशी ताडून बघा, त्यातले दीडशे उरले तरी पुष्कळ. मोठा पॅक स्वस्तच असतो असंही नाही. पाकिटावर आता ग्रॅम-किलोमागे किंवा मिलिलिटर-लिटरमागे किंमत छापलेली असते, तीच बघायची.

मुंबई, ठाणे, पुण्याकडे राहत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटप संघाची चौकशी करा. 1975 पासूनची संस्था आहे. शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी देतात आणि एकत्र खरेदी केलेला माल आपसांत वाटून घेतात. तिथे ना कूपन ना कॅशबॅक. डाळी-कडधान्यं तिथून आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट ऑफरमध्ये, अशी वाटणी करणारी घरं आमच्या ओळखीत आहेत.