‘क्षार’ म्हणजे नक्की काय, मीठ की अल्कली?
दोन्ही, संदर्भ पाहावा लागतो. शाळेच्या रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी (बेस) यांच्या अभिक्रियेतून पाण्यासोबत बनतो तो क्षार, म्हणजे मिठाच्या वर्गातला पदार्थ. आयुर्वेदात मात्र क्षार म्हणजे वनस्पतीच्या राखेतून काढलेली अल्कली (पाण्यात विरघळणारी आम्लारी): जवापासून जवखार, आघाड्यापासून अपामार्गक्षार. वाळलेली वनस्पती जाळून पांढरी राख करतात, ती सहापट पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात, वरची निवळी गाळून आटवतात (ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, भांडंच खाल्लं जातं). उरतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. हळदीचं पाणी त्याने लालसर होतं, खायच्या मिठाने नाही. ‘बोअरच्या पाण्यात क्षार आहेत’ म्हणतात तेव्हा मात्र अर्थ शाळेतलाच, बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार.