पीएलएचे चमचे टक् करून तुटतात आणि चहात वाकतात, दाणा खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की पीपी आणि एबीएस ही नेहमीची प्लास्टिकं चालणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर मक्यापासून बनलेल्या पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) या प्लास्टिकचे चमचे काढले. एबीएसला करता तसंच, पीएलएचा दाणा (कच्चा माल) हॉपर ड्रायरमध्ये दोन तास ८० अंशांवर ठेवला, तरी चमचे ठिसूळ निघाले, नोझलमधून माल गळत राहिला आणि गरम चहात चमचा वाकला.

दाण्यावर खापर फोडायची घाई करू नका. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुटणं आणि नोझल गळणं हे बहुतेक पाण्यामुळे होतंय. चहात वाकणं हा पीएलएचा स्वभाव आहे, तो कितीही सुकवला तरी जाणार नाही.

आधी पाण्याचं बघू. मक्याच्या स्टार्चची किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात, त्याचं लॅक्टाइड करतात आणि लॅक्टाइडची कडी उघडून लांब साखळी बनवतात. या साखळीतला प्रत्येक जोड एस्टरचा. वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा एक रेणू एक जोड तोडतो. हिशोब करून बघा. साखळीचं सरासरी रेणुवजन १,००,००० धरलं तर एक किलो दाण्यात साखळ्या ०.०१ मोल. दाण्यात २५० पीपीएम (दहा लाख भागांत २५० भाग) ओलावा म्हणजे किलोमागे पाव ग्रॅम पाणी, सुमारे ०.०१४ मोल. हे सगळं पाणी जोड तोडण्यात खर्ची पडलं तर प्रत्येक साखळीचे सरासरी जवळपास अडीच तुकडे. ओलावा १,००० पीपीएम असेल तर साडेसहा. प्रत्यक्षात थोडं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि बॅरलमध्ये (माल वितळवणाऱ्या नळीत) वेळही कमी मिळतो, म्हणून इतकी वाताहत होत नाही. पण २५० पीपीएमच्या खाली रहा असं का सांगतात, ते यावरून कळेल.

एबीएसला तुमचा ड्रायर पुरला, कारण तिथे पाण्याने फार तर चंदेरी रेघा येतात, साखळी तुटत नाही. साधा हॉपर ड्रायर शेडमधलीच हवा गरम करून दाण्यात सोडतो. पावसाळ्यात ती हवा मुळातच ओली, मग दाणा एका मर्यादेखाली सुकतच नाही, दोन तास ठेवा की आठ. पीएलएला डीह्युमिडिफायिंग ड्रायर लागतो: हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) उणे ४० अंश, तापमान ८० ते ९०, वेळ दोन ते चार तास. ॲल्युमिनियमच्या अस्तराची पिशवी फोडली की उरलेला दाणा लगेच सीलबंद करा. ड्रायरमधून काढून उघड्या बादलीत ठेवलात तर मेहनत पाण्यात.

रनर (साच्यात चमच्यांपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत उरलेला तुकडा) दळून वापरणार असाल तर सावध. नवा दाणा स्फटिकी, म्हणून ८० अंश सोसतो. थंड साच्यातून निघालेला रनर स्फटिकी नसतो, तो साठीच्या आसपास मऊ पडतो. दोन्ही एकत्र ८० वर ठेवले की हॉपरच्या तळाशी ढेप बसते आणि सळईने फोडत बसावं लागतं. असा माल वेगळा, ४५ अंशांवर, रात्रभर सुकवा. नाहीतर आधी क्रिस्टलायझरमधून (ढवळत गरम करून माल स्फटिकी करणाऱ्या यंत्रातून) काढा.

पाणीच कारण आहे का, हे ठरवायला मेल्ट फ्लोची (वितळलेला माल किती सहज वाहतो ते मोजणारी) चाचणी करून घ्या. २१० अंश, २.१६ किलो वजन. एक नमुना कोऱ्या दाण्याचा, दुसरा तुमच्या तुटलेल्या चमच्यांच्या चुऱ्याचा, दोन्ही नीट सुकवलेले. चमच्याचा आकडा दुपटीवर गेला असेल तर साखळ्या मशीनमध्येच तुटल्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले आणि तरी चमचा तुटतो, तर तो शुद्ध पीएलएचा ठिसूळपणा. तो ताणल्यावर पाच-सहा टक्क्यांतच तुटतो. मग पीबीएटी किंवा पीबीएस ही लवचिक प्लास्टिकं मिसळलेला ग्रेड घ्यावा लागेल. चमचा पारदर्शक राहणार नाही, थोडा लवचिकही होईल.

सेटिंग: फीडकडे १६५, मध्ये १९५, पुढे आणि नोझलला २०५, बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना मालावरचा दाब) ३ ते ७ बार, साचा २५ अंश. मशीन दहा मिनिटांहून जास्त थांबणार असेल तर तापमान उतरवा, आणि बंद करताना बॅरल पीपीने साफ करा.

आता चहा. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ होतो आणि चहा त्याहून बराच गरम. यावर उपाय म्हणजे चमच्यातच स्फटिक वाढवणं. त्यासाठी डी-लॅक्टिकचं (लॅक्टिक आम्लाचं आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं रूप, ते स्फटिक बनण्यात अडथळा आणतं) प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आतलं ग्रेड, त्यात टाल्कसारखा न्यूक्लिएटिंग एजंट (स्फटिक वाढायला सुरुवात करून देणारा पदार्थ), आणि साचा १०० ते ११० अंशांवर. म्हणजे चिलर काढून ऑइल हीटर. चमचा अपारदर्शक होतो. साच्यात पुरेसा वेळ दिला नाही तर चमचा ढकलून बाहेर काढणारी इजेक्टर पिन मऊ चमच्यात रुतते.

इथे पाण्याचा विषय परत येतो. बॅरलमध्ये २०० ग्रॅम माल, शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) ३५ ग्रॅम आणि सायकल २० सेकंद असेल तर माल आत जवळपास दोन मिनिटं राहतो. गरम साच्याने सायकल ६० सेकंदांवर गेली की तोच माल पावणेसहा मिनिटं शिजतो. तेव्हा २५० पीपीएमवर समाधान मानू नका, १०० च्या खाली उतरा.

दर काढताना एक चूक हमखास होते. पीपीची घनता ०.९, पीएलएची १.२४. त्याच साच्यातला चमचा सुमारे ३८ टक्के जड निघतो, म्हणून किलोचे भाव समोरासमोर ठेवून नगाची किंमत काढू नका. पीपीचा साचा दीड-दोन टक्के आकसण धरून केलेला असतो. थंड साच्यात पीएलए ०.३ ते ०.५ टक्केच आकसतो, त्यामुळे माप किंचित मोठं येतं.

विक्रीचं म्हणाल तर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिक चमच्यांवर देशभर बंदी आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला त्यातून सूट आहे, पण त्यासाठी आयएस १७०८८ प्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ती चाचणी ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये होते. अंगणातल्या खड्ड्यात तेवढी उष्णता टिकत नाही, म्हणून पाकिटावर ‘मातीत टाका, विरघळेल’ असं छापू नका. रंगाचा मास्टरबॅचही (रंग गच्च भरलेला दाणा) पीएलएमध्ये कालवलेलाच मागा. बाजारातला नेहमीचा पॉलिथीनवर बनवलेला असतो, आणि पॉलिथीन कंपोस्ट होत नाही.